कॉफीचे पान पिवळे का पडते : विदर्भातील नव्या लागवडदारांसाठी

चिखलदऱ्याला फिरायला गेलेला माणूस परतताना हौसेने कॉफीची दोन-चार रोपे पिशवीतून घेऊन येतो, परतवाड्याच्या किंवा अमरावतीच्या घरामागे ती लावतो, आणि पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडू लागली की खत कमी पडले असेल असे समजून बुंध्याशी मूठभर युरिया टाकतो. मीही पहिल्या वर्षी हेच केले होते. माझ्या चार रोपांपैकी तीन त्या हंगामात गेली. त्यांना खताची नव्हे, तर मोकळ्या मुळांची गरज होती, आणि पाण्याने आधीच गुदमरलेल्या मुळांवर मी युरिया ओतला होता, ही गोष्ट चौथे रोप उपटून दुसरीकडे लावल्यावर माझ्या लक्षात आली. या लेखातील क्रम त्या चौथ्या रोपाने मला शिकवला आहे. आधी पान पाहायचे, मग मूळ, मग माती आणि पाणी, आणि खताची पिशवी सर्वांत शेवटी उघडायची.

क्रमाकडे वळण्यापूर्वी जागेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण कॉफीवरील बहुतेक सल्ला आपल्यापर्यंत कर्नाटकातील कोडगू आणि चिकमगळूर या भागांतून येतो आणि तेथील जमीन आपल्यासारखी नाही. तेथे जोरदार पावसाने माती आम्लधर्मी झालेली असते, म्हणून बागायतदार नेमाने चुना टाकतात. आपल्याकडील बेसाल्टपासून झालेली काळी जमीन आधीच चुनखडीयुक्त असते आणि तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लपणा दाखवणारा आकडा (पीएच), बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. अरेबिका कॉफीला मात्र ६ ते ६.५ च्या आसपासचा सामू, भरपूर सेंद्रिय कर्ब, चांगला निचरा आणि विरळ सावली लागते. कर्नाटकातील सल्ला वाचून काळ्या जमिनीत चुना टाकणे म्हणजे दुखण्यालाच खतपाणी घालणे होय, आणि असे करताना मी एकापेक्षा अधिक लोकांना पाहिले आहे.

सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या पठारावर हवा थंड असते आणि पाऊस भरपूर पडतो, त्यामुळे तेथे कॉफीचे मळे तग धरून आहेत. खाली मैदानात मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे कॉफी हे घरामागचे, डोळ्यांदेखत जपायचे झाड आहे, वावरात लावून उत्पन्न काढायचे पीक नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा लेख दोघांसाठी आहे, परंतु पठारावरच्या माणसाची अडचण आणि मैदानातल्या माणसाची अडचण वेगळी असते आणि ती जेथे वेगळी होते, तेथे मी तसे सांगेन.

पहिली पायरी : पिवळेपणा कोठून सुरू झाला ते पाहणे

सकाळी, ऊन तिरपे असताना, झाडाजवळ बसावे. कॉफीच्या आडव्या फांदीवर पाने समोरासमोर, जोडीजोडीने येतात, त्यामुळे मोजणे सोपे जाते. शेंड्याची सर्वांत कोवळी जोडी पहिली, तिच्यामागची दुसरी, आणि अशा रीतीने खोडाकडे सरकत जावे. एक प्रश्न मनात ठेवावा : पिवळेपणा शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर आहे, की खोडाजवळच्या जुन्या पानांवर? निम्मे निदान याच उत्तरात असते, कारण नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवू शकते, तर लोह, जस्त, मँगेनीज, बोरॉन आणि कॅल्शियम एकदा पानात गेले की सहसा तेथेच राहतात. पहिल्या गटातील द्रव्य कमी पडले तर जुनी पाने झिजतात, दुसऱ्या गटातील कमी पडले तर कोवळी पाने पिवळी जन्मतात. गंधक या दोहोंच्या मधे बसते, पण त्याची खूणही बहुधा कोवळ्या पानांवरच, संपूर्ण पान एकसारखे फिकट होऊन दिसते.

त्यानंतर एक पान तोडून उजेडासमोर धरावे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा आहे, की शिरांसकट सगळे पान फिके झाले आहे, हा दुसरा प्रश्न.

माझ्या वाचलेल्या चौथ्या रोपाचे पान असे उजेडासमोर धरले तेव्हा त्यावर हिरव्या धाग्यांची अगदी बारीक जाळी दिसत होती आणि जाळीच्या घरांमधला भाग लिंबासारखा, एका टोकाला तर जवळजवळ पांढरा झाला होता. शेजारचे एक काकाजी, ज्यांचे आयुष्य संत्र्याच्या बागेत गेले, ते पान पाहून म्हणाले, “भाऊ, वरचं पान पाहा, बुडाचं तर हिरवंच हाय. हा केवडा हाय. संत्र्याले बी असाच येते. ह्याले युरिया काय करन?” सोयाबीनवर पावसाळ्यात केवडा पडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही खूण नवी नाही. कॉफीवरही तो लोहाच्या कमतरतेनेच येतो आणि मैदानातील काळ्या जमिनीत पिवळ्या कॉफीचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे.

इतर खुणा

जस्त कमी असेल तर कोवळी पाने अरुंद व लहान राहतात, दोन पेरांमधले अंतर घटते आणि शेंड्याला पानांचा गुच्छ झाल्यासारखा दिसतो. विदर्भाच्या जमिनींत जस्ताची उणीव सर्रास आढळते, म्हणून लोह आणि जस्त यांच्या खुणा एकाच झाडावर एकत्र दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. सोयाबीन किंवा कपाशीच्या तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपाने कॉफीवर फवारणी केली, किंवा शेजारच्या वावरातून ग्लायफोसेट वाऱ्याने उडून आले, तरीही पाने अशीच अरुंद, पट्टीसारखी येतात. कॉफीसाठी वेगळा, लहानसा हातपंपच ठेवावा.

मँगेनीजच्या कमतरतेत उन्हाला उघडी असलेली कोवळी पाने फिकट पिवळसर होतात, पण शिरांची जाळी लोहाइतकी स्पष्ट उमटत नाही. बोरॉन कमी पडला तर शेंडा मरतो, त्याच्याखालून पंख्यासारखे अनेक फुटवे येतात आणि नवी पाने वेडीवाकडी होतात.

जुन्या पानांच्या खुणा अधिक सोप्या आहेत. संपूर्ण झाड फिकट, जुनी पाने शिरांसकट पिवळी आणि वाढ खुंटलेली असेल तर नत्र कमी आहे. पानाची मधली शीर व तिच्या दोन्ही बाजू हिरव्या राहून शिरांमधला भाग पिवळा झाला, आणि तोही फळे लागलेल्या पेरांजवळच्या पानांवर, तर मॅग्नेशियम. कडा करपून तपकिरी होत आत सरकत गेल्या तर पालाश. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसा असतो, त्यामुळे करपलेल्या कडा दिसल्या की आधी उन्हाचा व खाऱ्या पाण्याचा संशय घ्यावा. स्फुरदाच्या कमतरतेत जुन्या पानांवर निस्तेजपणा व तांबूस-जांभळट छटा येते, परंतु नवख्याने तिच्यावरून निर्णय घेऊ नये, परीक्षणाची वाट पाहावी.

दुसरी पायरी : जे अन्नद्रव्याचे दुखणे नाही, ते बाजूला काढणे

पानाची खालची बाजू बोटाने चोळून पाहावी. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा आहे आणि त्यावर कोणतेही खत चालत नाही. हा रोग १८६९ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत नोंदला गेला आणि पुढील काही दशकांत त्याने तेथील कॉफीची शेती जवळजवळ संपवली. सुरुवातीला वरच्या बाजूने फक्त फिकट पिवळे ठिपके दिसतात, त्यामुळे फसगत होते. पावसाळ्यापूर्वी अर्धा टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या द्रावणाची, पानांच्या खालच्या बाजूस नीट पोहोचेल अशी फवारणी, हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. संत्र्याच्या बागायतदाराला बोर्डो नव्याने शिकवावे लागत नाही.

मग खोडावरून हात फिरवावा. सालीखाली उंचवटे, कडी फिरल्यासारख्या रेषा जाणवल्या आणि झाड एकाएकी पिवळे पडून मलूल झाले असेल, तर पांढरा खोडकिडा आत शिरलेला असण्याची शक्यता असते. अरेबिका कॉफीचा हा फार मोठा शत्रू आहे आणि सावली कमी असलेल्या झाडांवर तो अधिक येतो. असे झाड उपटून जाळावे, त्याच्या आशेने शेजारची झाडे गमावू नयेत.

हे दोन्ही नसेल तर बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने हळुवार उकरून मुळे पाहावीत. निरोगी पांढरी मुळे फिकट रंगाची, बारीक व पुष्कळ असतात. ती काळी पडली असतील, बोटाने ओढल्यावर साल सुटून येत असेल आणि मातीला कुबट वास येत असेल, तर झाड पाण्यात गुदमरत आहे.

या ठिकाणी थोडे थांबून बोलणे आवश्यक वाटते, कारण माझी तीन रोपे येथेच गेली. काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात आपण प्रेमाने लाल माती, शेणखत, वाळू असे मऊ मिश्रण भरतो. पावसाळ्यात सभोवतालची चिकण काळी माती फुगून बंद होते आणि तो खड्डा हौदासारखा भरून राहतो, पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. जमिनीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली मोकळी स्थिती, येतच नाही. अशा चिभडलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, शिवाय चुनखडीच्या जमिनीत ओलावा फार काळ टिकला की बायकार्बोनेट वाढून लोह घेण्यात आणखी अडथळा येतो. झाड पिवळे पडते, आपण त्याला भूक लागली असे समजतो, आणि त्याला प्रत्यक्षात श्वास घेता येत नसतो. म्हणून मैदानात कॉफी खड्ड्यात लावूच नये. हातभर उंचीचा, तीन-चार फूट रुंदीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावी, अथवा खाली भोके असलेल्या मोठ्या कुंडीत ठेवावी. आधीच खड्ड्यात लावलेले रोप लहान असेल तर पाऊस उघडल्यावर मातीच्या गोळ्यासकट उचलून उंचवट्यावर न्यावे. मोठ्या झाडासाठी उताराच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट द्यावी.

तिसरी पायरी : माती आणि पाणी तपासणे

मातीत चुना आहे का, हे घरीच कळते. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे, ते नसल्यास तीव्र व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे येऊन फसफसले तर मुक्त चुना आहे. पांढरे खडे डोळ्यांनी दिसत असतील तर तेवढीही गरज नाही.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना झाडाच्या घेराखालील आठ-दहा ठिकाणी, वरचा पालापाचोळा बाजूला सारून, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा सुमारे २२ सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढावी. सगळी माती एकत्र कालवून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. माती सावलीत वाळवावी. लोह व जस्त मोजून घ्यायचे असल्यास गंजलेले फावडे आणि जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची बादली वापरू नये, प्लॅस्टिकची पाटी घ्यावी. नुकतेच खत टाकलेल्या जागेचा नमुना घेऊ नये. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ही तपासणी होते. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चुनखडी, लोह आणि जस्त एवढे तरी मागून घ्यावे, नुसत्या नत्र-स्फुरद-पालाशाच्या अहवालाने आपले काम होणार नाही.

पाण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील पाणी कॉफीला मुळीच मानवत नाही, आणि त्या पट्ट्याबाहेरही बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीतील चांगली माती एक-दोन उन्हाळ्यांत चुनकट होते. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरू लागला की समजावे. माझ्याकडे छपराच्या पन्हाळीखाली दोन पिंपे आहेत. पावसाचे पाणी मी केवळ कॉफीसाठी राखतो आणि उन्हाळ्यात ते संपेपर्यंत बोअरच्या पाण्याला हात लावत नाही.

चौथी पायरी : एका फांदीवर परीक्षा

निदान बहुतांशी ठरले तरी सगळ्या झाडावर फवारणी करण्यापूर्वी एका फांदीवर प्रयोग करावा. लोहाचा संशय असेल तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून त्यात कापूस बुडवावा आणि पिवळ्या फांदीवरील पानांच्या खालच्या बाजूला तो हलकेच फिरवावा, कारण कॉफीच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूलाच असतात. फांदीला दोरा बांधून ठेवावा. दुसऱ्या फांदीवर त्याच रीतीने जस्ताचे द्रावण लावून वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. दहा-पंधरा दिवसांत ज्या फांदीची पाने हिरवी होऊ लागतील, तिने उत्तर दिले. मला हिरवेपणा प्रथम ठिपक्याठिपक्यांनी, जेथे द्रावण अधिक लागले होते तेथे दिसला, आणि त्या ठिपक्यांनी माझी उरलीसुरली शंका संपवली.

पाचवी पायरी : उपचार

लोहासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून ताजे द्रावण फवारावे. हिराकस हिरवट-निळसर खड्यांचे घ्यावे. तपकिरी भुकटी झालेले हिराकस हवेने बिघडलेले असते, ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. कोवळ्या रोपांवर निम्मे प्रमाण ठेवावे, आणि दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. चुनखडीच्या मातीत नुसते हिराकस टाकण्याचा उपयोग होत नाही, कारण ते तेथे गंजाच्या रूपात अडकून बसते. टाकायचेच असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, काही दिवस मुरवून द्यावे. मातीतून लोह देण्यासाठी खरा उपयोगी पदार्थ म्हणजे ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवून झाडाला घेता येईल असे राखणारे संयुग. दुकानात चिलेट मागितले की अनेकदा ईडीटीए प्रकार हाती दिला जातो, परंतु तो जास्त सामूच्या मातीत टिकत नाही आणि फवारणीसाठीच ठीक असतो. पिशवीवरील नाव वाचूनच पैसे द्यावेत.

जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना, गाळून. येथे चुना मातीसाठी नसून द्रावणाची दाहकता मारण्यासाठी आहे. मॅग्नेशियमसाठी १० लिटरला १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. बोरॉनसाठी १० लिटरला १० ग्रॅम बोरिक आम्ल पुरते, आणि त्याहून अधिक कधीही घालू नये, कारण बोरॉनची गरज आणि त्याची विषबाधा यांच्यातील अंतर फार थोडे असते. ही द्रावणे एकमेकांत मिसळू नयेत, दोन फवारण्यांमध्ये आठवडा जाऊ द्यावा.

नत्राची कमतरता खरोखर ठरली, मुळे निरोगी असली आणि जमिनीत वाफसा असला, तरच युरिया द्यावा. तोही बुंध्याशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली, थोडा थोडा, दोन-तीन वेळा विभागून. फवारणीतून द्यायचा झाल्यास १० लिटरला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि बाययुरेट (युरिया बनताना त्यात राहणारा अपायकारक अंश) कमी असलेला युरिया निवडावा, कारण बाययुरेटने कॉफीची पाने कडेने पिवळी पडतात आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नापाशी येतो. पठारावर जोरदार पावसाने नत्र धुऊन जाते, म्हणून तेथे पावसाच्या भरात एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी फुलोऱ्याच्या आधी, फुलोऱ्यानंतर, पावसाची झड ओसरल्यावर आणि पावसाळा संपताना अशी विभागणी बरी.

ज्या झाडाला पहिल्यांदाच भरघोस फळ लागले आहे, त्याच्या फळांजवळची पाने पिवळी पडून फांद्या टोकाकडून वाळू लागल्या, तर निम्मी हिरवी फळे तोडून टाकावीत. हाताला धजावत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु झाड फळांना पोसण्यासाठी स्वतःची पाने आणि मुळे खर्ची घालत असते, आणि सावली नसलेल्या झाडाचे हे नुकसान पुढील वर्षीही भरून निघत नाही.

हे सगळे उपचार झाडाला काही महिने सावरतात, त्यानंतरचे काम सावली आणि पालापाचोळा करतात. पठारावर पांगारा किंवा गिरिपुष्प लावले तर सावलीबरोबर त्यांचा पाला नत्रही देतो. मैदानात आंब्याची, संत्र्याची किंवा घराच्या पूर्वेकडील भिंतीची अशी सावली हवी की सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारचे टळेल. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून भोवती वीतभर जाडीचे पाल्याचे आच्छादन करावे, ते कुजेल तसे वरून नवे घालावे, आणि त्याखालची जमीन खुरपू नये, कारण कॉफीची अन्न घेणारी मुळे अगदी वरच्या थरात असतात.

पिवळे झालेले जुने पान पुन्हा पूर्ण हिरवे होईलच असे नाही, आणि करपलेली कड तर कधीच भरून येत नाही, म्हणून उपचार लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. उपचार केला त्या दिवशी शेंड्याच्या पहिल्या जोडीच्या देठाशी दोरा बांधावा आणि त्यानंतर दोऱ्याच्या पुढे आलेल्या जोड्या पाहत जाव्यात. माझ्या चौथ्या रोपाला श्रावणात बांधलेल्या दोऱ्याच्या पुढे पहिली जोडी अजूनही फिकट आली, दुसरी पोपटी आली, आणि दिवाळीच्या सुमारास आलेली तिसरी जोडी कॉफीच्या पानाला शोभणाऱ्या गडद, चकचकीत हिरव्या रंगाची होती.